उत्तम शुक्रवारची तिसरी हाक

सोलापूर
गुरुवार, ता. २४ फेब्रुवारी १९७७

बजा,

सलाम. पाकिटावरचं अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, आतलं माझं. माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील अशी भीती वाटली, म्हणून चन्नम्माकडून पत्ता लिहून घेतला. फोडलंच आहेस तर एवढं वाच.

काल राखेचा बुधवार झाला. उपवासकाळ सुरू झाला. आपल्याकडे नवे फादर आलेत, मिरजेकडचे, वयानं तुझ्याएवढेच असतील. त्यांचं म्हणणं, या वर्षी उत्तम शुक्रवारची सगळी उपासना मराठीत करायची. लॅटिनही नको आणि इंग्रजीही नको. लोक एकेक करून क्रूसाचं चुंबन घ्यायला येतात, तेव्हा गायचं गाणं निवडायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय. मला आईचं गाणं आठवलं. जात्यावरची तिची चाल आणि बाबांनी त्यात घातलेले ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे शब्द.

डोंगराच्या वाटेनं लाकूड कोण नेतो
मागं मागं आई चालं, पुढं ल्योक जातो

ही दोन ओळींची कडवी मला दोनच येतात. पुढची तुला येतात. ती दळायची तेव्हा तू तिच्या मांडीवर झोपलेली असायचीस. मी तोवर बाबांबरोबर पेटीवर बसायला लागलो होतो. तेवढी कडवी लिहून पाठव. जमलं तर उत्तम शुक्रवारी सोलापूरला ये. ८ एप्रिलला आहे, दुपारी तीन वाजता. बायकांच्या बाजूला आवाज राहिला नाही.

त्या नाताळचं मनात ठेवू नकोस. गायन मंडळ चालवायचं म्हणजे चारचौघांत कधी बोलावं लागतं. माणूस बोलून जातो.

गिरणीत ठीक चाललंय. अजून मागखात्यातच आहे, पहिली पाळी. माझी तब्येत चांगली आहे. चन्नम्मा म्हणते मी अलीकडे घरातही ओरडून बोलतो. दोनशे माग एकदम धडधडत असले की माणसाला तशीच सवय लागते. रेवणप्पांना सलाम. तुझ्या मुलीला मी अजून पाहिलं नाही.

तुझा दादा
महिपती


सोमवार, ता. ७ मार्च १९७७

बजा,

तुझं उत्तर आलं नाही. कुर्डुवाडीहून पत्राला दोन दिवस लागतात, फार तर तीन. मी रोज पाळी सुटली की आधी घरी जाऊन दाराच्या फटीत बघतो.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर शाळेच्या खोलीत गाणी ठरवायला बसलो. फादर होते, तबल्याचा तिप्पण्णा होता आणि आपले गोव्याचे अंकल होते. तुला आठवत असतील. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, तीस वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवत होते. त्यांनी एक जुनं लॅटिन गाणं धरून ठेवलं होतं. म्हणाले, "माझ्या बायकोच्या मातीला हेच गायलं होतं. ते काढून टाकलंत तर मी उत्तम शुक्रवारी येऊन करू काय?" तिप्पण्णाला नव्या पुस्तकातलं गाणं हवं होतं. मी आईची चाल गुणगुणून दाखवली. मग सगळे एकदम बोलायला लागले. वर पंखा घरघरत होता. फादर खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "व्हय फादर, चालंल की."

सगळ्यांना आनंद झाला. अंकलनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आईचं गाणं ठरलं. ते ठरलंच होतं. पण बाहेर आल्यावर तिप्पण्णा म्हणाला, "लई धाडस केलंस गड्या."

"कसलं?"

"तीन हाका. पेटीबिगर. एकट्यानं."

बजा, तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतोय. गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेपासून पुनरुत्थानापर्यंत आपल्याकडे वाद्य वाजत नाही. घंटासुद्धा वाजत नाही, लाकडाची टाळी वाजवतात. शुक्रवारी फादर झाकलेला क्रूस हातात धरतात, थोडं कापड काढतात आणि लोकांना हाक घालतात की हा क्रूस पाहा. लोक उत्तर देऊन गुडघे टेकतात. मग आणखी कापड काढायचं आणि हाक एक पट्टी वर चढवायची. तिसऱ्यांदा क्रूस पुरा उघडा आणि हाक आणखी वर. हे काम फादरांचं. पण फादर म्हणाले होते, मला सूर नाही, महिपती म्हणतील का? आणि महिपती व्हय म्हणाले होते.

परत जाऊन नाही म्हणायला तोंड झालं नाही. पंख्यामुळे नीट ऐकू आलं नाही असं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

पेटी असली की मला कसलीच भीती नसते. बोटांना जागा पाठ आहेत. पेटीची फळी पोटाला लागलेली असते, तिच्यातून सूर अंगात येतो. पेटी नसली तर मी कशाला धरून उभा राहू? आज दिवसभर मागावर धोटा इकडून तिकडं पळताना बघत होतो आणि मनात तेच. पहिली हाक कुठून उचलायची, दुसरी कुठे न्यायची.

तू ये. गायचं नसलं तर गाऊ नकोस. माझ्या शेजारी उभी राहून मला सूर दे, एवढंच. बाकी काही मागत नाही.

दादा


रविवार, ता. १३ मार्च १९७७

बजा,

तुझं कार्ड काल मिळालं. चार शब्द. "दादा, मी गात नाही." खाली नावसुद्धा नाही. ते कार्ड मी पुस्तकात ठेवलंय. राग आला नाही. खरं लिहितो, आधी आला होता. मग आज जे झालं त्यानंतर राहिला नाही.

आज सुट्टी, म्हणून मिस्सा झाल्यावर मी स्टेशनच्या पलीकडे गेलो होतो. यार्डाच्या बाजूनं रूळ ओलांडून येण्याची आपली जुनी आडवाट आहे, तीच धरली. डोक्यात हाका चालल्या होत्या. मी रुळाच्या मधोमध होतो तेव्हा कुणीतरी मागून सदरा धरून मला ओढलं. मी पाठीवर पडलो. माझ्या पायांपुढून इंजिन गेलं. मागं मागं येत होतं, नुसतं इंजिन, डबे नव्हते. मला आधी त्यानं हादरलेली जमीन कळली, मग वाफ अंगावर आली. आवाज नाही, बजा. सावकाश एक काळी भिंत समोरून सरकावी तसं ते गेलं.

ओढणारी दगडाबाई होती, रुळांवर इंजिनातून पडलेला कोळसा वेचते ती म्हातारी. धापा टाकत माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "भैरा हाईस काय रं? किती वरडले मी. त्यानं तीनदा शिट्टी घातली की."

मी म्हणालो, "विचारात होतो."

ती म्हणाली, "विचारात शिट्टी ऐकू येत न्हाय व्हय कुणाला?"

भैरा. तो शब्द आजवर मला कुणी लावला नव्हता. घरी आलो. चन्नम्माला सांगितलं, ठेच लागली.

तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला अजून सांगितलं नाही. मला नीट ऐकू येत नाही. सकाळचा गिरणीचा भोंगा मला गेल्या पावसाळ्यापासून ऐकू येत नाही, चन्नम्मा पांघरूण ओढते तेव्हा मी उठतो. निवडणुकीचे ट्रक कर्णे लावून गल्लीत फिरताहेत, घरातले सगळे वैतागलेत, आणि मला ट्रक दिसला की कळतं. शेजारचा रेडिओ मला गुणगुण वाटतो. माणसं बोलतात तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे बघतो. खिडकीकडे तोंड करून कुणी बोललं तर मी व्हय म्हणतो, कारण व्हय म्हटलं की कुणी पुन्हा विचारत नाही.

म्हणून त्या तीन हाका माझ्या गळ्यात पडल्या. पंखा हे कारण नव्हतं.

दादा


रविवार, ता. २७ मार्च १९७७

बजा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

कालच्या आधीच्या शनिवारी सरावाला मी पेटी बंद ठेवली. म्हटलं, शुक्रवारी तशीच असणार, आत्तापासून सवय करू. आईचं गाणं घेतलं, मला येतात ती दोन कडवी. मी सुरुवात करून दिली, मंडळानं उचललं. मला वाटलं छान चाललंय. डोळे मिटले होते मी. उघडले तर तिप्पण्णा माझ्याकडे विचित्र बघत होता. सराव सुटल्यावर त्यानं मला चिंचेखाली नेलं, समोर उभा राहिला आणि सावकाश, ओठ हलवून हलवून बोलला. म्हणजे त्याला आधीपासून संशय होता.

"महिपती, तू खाली उतरलास. अर्ध्या सुरानं न्हाय, पुरा सूर. आनि सगळे तुज्यामागं उतरले. कुनी बोललं न्हाय. तुला कोन बोलनार?"

मी म्हणालो, "पोरी कच्च्या हाईत."

"पोरी न्हाईत. तू."

मंगळवारी पाळी झाल्यावर तो मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनी ठोकला की घुमणारा लोखंडी चिमटा कानाशी धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. दोन्हीकडे काही ऐकू आलं नाही. विचारलं, "मागावर किती वर्षं?" मी म्हणालो, एकवीस. ते कागदावर लिहीत लिहीत बोलायला लागले, मग माझ्या लक्षात येत नाही हे बघून मान वर केली. "नस खराब होते. बारीक आवाज आधी जातात. पाखरं, शिट्टी, बायकांचा वरचा आवाज. जाड आवाज शेवटी. गेलेलं परत येत नाही." मग म्हणाले, "तुमचे दोन्ही कान सारखेही नाहीत. एकच सूर एका कानाला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा लागत असेल. कधी जाणवलं होतं?"

मी म्हणालो, "न्हाय साहेब."

बजा, जाणवलं होतं. १९७४ च्या नाताळला.

ती सकाळची मिस्सा तुला मी काय सांगू. तू तिसरं कडवं घेतलंस, वर गेलीस, आणि माझ्या कानात तुझा आवाज आणि पेटी फाटून दोन बाजूंना गेली. मी भाता सोडला. भरल्या चर्चमध्ये म्हणालो, "बजा, सूर सोडलास. बस खाली. आजच्या दिवशी तरी नीट गा." तुला तेव्हा चौथा महिना होता. तू पुस्तक बाकावर ठेवलंस आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेलीस. रेवणप्पा तुझ्यामागून गेले. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि मी पुढचं गाणं सुरू केलं.

त्याच दुपारी घरी मी पेटी काढली. मला सिद्ध करायचं होतं की तूच चुकलीस. काळी चार दाबली आणि उजवा कान बंद केला. मग डावा बंद केला. दोन सूर आले, एकाच पट्टीतून. पुन्हा केलं. दहा वेळा केलं. जेवण तसंच राहिलं. चन्नम्मानं विचारलं पेटी बिघडली का, मी म्हणालो व्हय, बिघडली.

म्हणजे तू बरोबर होतीस हे मला त्या दिवशी दुपारी तीन वाजता कळलं होतं. तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेलात. मी स्टेशनवर येऊ शकलो असतो. चपलाही घातल्या होत्या.

का आलो नाही ते सांगतो. तू चुकली असलीस तर मी बाबांचा मुलगा, चर्चचा पेटीवाला महिपती. मी चुकलो असलो तर मी कोण? मागावरचा एक बहिरा माणूस, तसे आमच्या खात्यात शंभर आहेत. मी घाबरलो, बजा. त्या दिवशी घाबरलो तो आजपर्यंत. भीतीनं तुझ्यावर घातलेलं मी सव्वादोन वर्षं तुझ्यावरच राहू दिलं. मागच्या महिन्यात तुला लिहिलं, "माणूस बोलून जातो." ते लिहितानाही मला सगळं माहीत होतं.

माफी मागतो, पण त्यासाठी तू उत्तर द्यायला हवंस असं नाही.

दादा


सोमवार, ता. ४ एप्रिल १९७७

बजा,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते चन्नम्माला वाचून दाखवलं. तिला नाताळचं खरं आजवर माहीत नव्हतं. ती उठून चुलीपाशी गेली आणि पाठमोरी बसली. काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

तू लिहिलंस, "मी त्या दिवसापासून गायले नाही. पोरीला पाळण्यात घालतानाही गायले नाही. वाटायचं, बेसूर तिच्या कानावर पडायला नको. हे म्हणायचे, गा की, आणि मी म्हणायची घसा धरलाय. मला कधी माझा आवाज बेसूर वाटला नव्हता दादा. पण बाबा म्हणायचे, आपल्या घरात कान आहे तो महिपतीला. तू म्हणालास म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलं असणार. मी माझ्या गळ्यापेक्षा तुझ्या कानावर विश्वास ठेवला."

हे वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही.

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गायचं सोडलंस. रागावून सोडलं असतंस तर बरं झालं असतं. तू माझं खरं मानून सोडलंस. पोरगी दोन वर्षांची व्हायला आली आणि तिनं आईचं गाणं ऐकलं नाही, ते माझ्यामुळे.

तू खाली लिहिलंस, "गाणं आईचं आहे, ते अडवून ठेवणारी मी कोण. कडवी पाठवते. मी येणार नाही." सातही कडवी मिळाली. कालच्या झावळ्यांच्या रविवारी मिस्सेनंतर मंडळाला शिकवली. अंकल बाकावर बसून ऐकत होते. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "ह्यात आमच्या लॅटिनसारखंच रडू आहे. घ्या हेच."

काल पेटी होती, म्हणून निभावलं. शुक्रवारी नाही. आता चारच दिवस राहिले. तिप्पण्णा म्हणतो, "फादरना सांग. तू न्हाय सांगितलंस तर मी सांगतो." मी त्याला म्हटलं, बुधवारी सांगतो, शपथ. सांगायला हवं हे मला कळतं. सांगितलं की फादर चांगल्या शब्दांत म्हणतील, महिपती, आता विश्रांती घ्या. मग रविवारी मी कुठे बसणार? लोकांत बसून समोरची माणसं तोंड उघडतात-मिटतात ते बघणार. आज ना उद्या तेच व्हायचं आहे. पण उद्या आणि आज यात फार अंतर असतं बजा, घाबरलेल्या माणसाला.

आणखी एक भीती आहे, ती कुणाला सांगता येत नाही. बाबांचा आवाज मला अजून आठवतो, जाड होता म्हणून असेल. आईचा आठवेनासा झालाय. चाल आठवते, आवाज आठवत नाही. तुझाही हळूहळू पुसत चाललाय.

दादा


सोमवार, ता. ११ एप्रिल १९७७

बजा,

तू स्वतः तिथं होतीस. तरी लिहितो, कारण तुला जे ऐकू आलं ते मला आलं नाही, आणि मला जे झालं ते तुला दिसलं नसेल.

मी बुधवारी फादरना सांगितलं नाही. चर्चच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो. तिप्पण्णा गुरुवारी सांगायला निघाला तर मी त्याचे पाय धरले. एवढा मोठा तबलजी रडायला लागला. म्हणाला, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. सूर वर न्यायचा असला तर तुझं मनगट वर उचलीन, उतरलास तर दाबीन. आम्ही तसं ठरवलं.

शुक्रवारी तीन वाजता चर्च भरलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. फादर झाकलेला क्रूस घेऊन वेदीपुढं उभे राहिले. पहिलं कापड निघालं. मी पहिली हाक घातली. खालची होती, गळ्यात, छातीत मला ती जाणवली. तिप्पण्णाचा हात हलला नाही. लोकांनी गुडघे टेकले. मला वाटलं, जमतंय.

दुसऱ्या हाकेला मी वर गेलो आणि तिथे काहीच नव्हतं. तोंड उघडं, गळा ताणलेला, पण कानात माझाच आवाज नाही. तिप्पण्णानं मनगट उचललं. मी आणखी चढवलं. त्यानं दाबलं. मग पुन्हा उचललं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं आईकडे बघितलं, आईनं तिची मान फिरवली. तेवढं बघूनच मला कळलं. लोकांनी कसंबसं उत्तर दिलं आणि गुडघे टेकले.

फादरांनी शेवटचं कापड काढलं. क्रूस उघडा झाला. ते माझ्याकडे बघत राहिले. सगळे बघत राहिले. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. किती वेळ गेला मला माहीत नाही. त्या यार्डात इंजिन समोरून जाताना वाटलं नव्हतं तेवढं भय वाटलं. मनात एकच आलं, आता पळ.

मग लोकांच्या माना मागं वळल्या. आधी मागच्या बाकांच्या, मग पुढच्या. मला वाटलं कुणी पडलं. तिप्पण्णाकडे बघितलं. त्यानं माझं मनगट सोडून दिलं. मी दाराकडे बघितलं तर उजेडात तू उभी होतीस, पोरगी कमरेवर, पदर डोक्यावर, तोंड उघडं. तू तिसरी हाक घालत होतीस हे मी डोळ्यांनी बघितलं. उजव्या कानात काहीतरी आल्यासारखं झालं, दोन भिंतींपलीकडे कुणी आहे असं, पण ते ऐकलं की मनानंच आणलं ते सांगता येत नाही. सगळं चर्च एकदम गुडघ्यावर आलं. मी एकटाच उभा राहिलो होतो. मग मीही गुडघे टेकले.

आईचं गाणं सातही कडव्यांनी झालं असं अंकल म्हणाले. ती तूच धरलीस हे मला लोकांच्या नजरांवरून कळलं.

उपासना संपल्यावर तू निघून गेलीस. मी स्टेशनपर्यंत अनवाणी आलो, चपला दारातच राहिल्या. पॅसेंजर लागली होती. तू खिडकीत होतीस. मी काय बोललो ते मला आठवत नाही, मोठ्यानं बोललो असेन, लोक बघत होते. पोरीनं माझं बोट धरलं. तू खिडकीतून वाकून काहीतरी बोललीस. बरंच बोललीस. इंजिनाची वाफ, हमाल, आणि तू पदर तोंडाशी धरला होतास, मला ओठ दिसत नव्हते. मी मान हलवली. तू माझ्याकडे क्षणभर बघितलंस आणि गाडी सुटली.

काल पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्सा संपताना मी पेटीवरून उठलो. फादरांना आधी विचारलं होतं, तेवढं धैर्य आलं. १९७४ च्या नाताळला जिथून तुला बोललो तिथेच उभा राहिलो. म्हणालो की मला ऐकू येत नाही. म्हणालो की त्या नाताळला माझी बहीण सुरात होती, सूर माझा गेला होता, मला ते त्याच दिवशी कळलं आणि मी गप्प बसलो. शुक्रवारी दारातून जी हाक आली ती तिचीच. एवढंच बोललो. कुणी काय म्हणालं ते ऐकू आलं नाही. चेहरे बघत होतो. काहींनी खाली बघितलं. एक बाई तोंड फिरवून निघून गेली, आणि ते तिचं बरोबरच होतं. अंकल काठी टेकत पुढं आले आणि माझा हात हातात घेऊन उभे राहिले.

फादर म्हणाले, पेटी आता तिप्पण्णाच्या पुतणीला शिकवा. गाणी निवडायला तुम्हीच या, गाणं कानांनी निवडतात असं थोडंच आहे. त्यांनी हे कागदावर लिहून दिलं. मला आवडलं ते, लिहून दिलं म्हणून.

भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. डॉक्टर म्हणाले जाड आवाजही जातील. एक दिवस चन्नम्मा समोर बसून बोलेल आणि मला भिंत दिसेल. पण आज मला दुसरीच भीती आहे, आणि ती पत्रानं दूर होण्यासारखी आहे म्हणून लगेच लिहायला बसलो.

गाडीच्या खिडकीतून तू जे बोललीस त्यातला एक शब्दही मी ऐकला नाही. मान हलवली ती खोटी होती. तू मला माफ केलंस, की पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालीस, की पोरीचं नाव सांगितलंस, मला माहीत नाही. तू म्हणालीस ते लिहून कळव. जे असेल ते, तसंच.

दादा